ग्लायडरमधून वारा ओळखायचा: जीपीएस की धूर?

एका नवीन पायलटने विचारलंय, वारा कळायला फोनवर एक्ससीसोअर (जीपीएस वापरणारं ग्लायडिंगचं ॲप) टाकू की खालचा धूर, तळी वाचायला शिकू.

खर्च दोन्हीचा शून्य. एक्ससीसोअर ओपन सोर्स आहे, अँड्रॉइडवर चालतं, फक्त कॅनॉपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) उन्हात फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

अचूकपणात, उंचीवर असताना तरी, जीपीएसच पुढे. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) गोल फिरताना ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, समजा ७० ते ११० मध्ये वरखाली होतोय तर फरकाचा निम्मा म्हणजे ताशी २० किमी वारा, आणि ज्या दिशेला जाताना ११० दिसतो तिकडे तो वाहतोय. ॲप हे आपोआप काढतं, पण तुम्ही एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) एकसारखा ठेवलात तरच, नवशिक्यांचे गोल वाकडेतिकडे असतात म्हणून आकडा नाचतो. शिवाय हा वारा तुमच्या उंचीवरचा, आणि तोही थोड्या वेळापूर्वीचा!

जमिनीजवळ वेगळाच वारा असू शकतो, तिथे वीटभट्टीचा धूर खरं सांगतो. तलावाच्या ज्या काठाजवळ पाणी गुळगुळीत, तिकडून वारा येतोय. ढगाची सावली मात्र ढगांच्या उंचीवरचा वारा दाखवते, यात बरेच जण फसतात. वेगाचा अंदाज ढोबळच येतो आणि नजर बसायला वेळ लागतो.

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला सर्किटच (धावपट्टीभोवतीची छोटी फेरी) मारत असाल तर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) आणि धूर पुरे. लांब क्रॉस-कंट्री, फायनल ग्लाइडचं (आहे त्या उंचीवरून थेट मुक्कामापर्यंत घसरत जाण्याचं) गणित असेल तर ॲप घ्याच. शेतात उतरायची वेळ आली तर स्क्रीन सोडा, धूर शोधा.