दुसरा मॉनिटर नको, आधी फॅन्सीझोन्स लावून बघा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बिलिंग माझ्याकडे आहे. पावसाळ्यापासून पॉवरटॉइज या विंडोजच्या जोडसाधनांच्या संचातलं फॅन्सीझोन्स रोज वापरतेय. स्क्रीनचे हवे तसे भाग, म्हणजे झोन, पाडायचे आणि विंडो त्यात बसवायच्या, एवढंच त्याचं काम. मायक्रोसॉफ्टचंच आहे आणि पूर्ण फुकट आहे. कॉम्प्युटरवाला दुसऱ्या मॉनिटरसाठी मागे लागला होता. जे काम फुकटात होतं, त्याला पैसे का घालायचे?

डावीकडे पार्टीची ऑर्डर, मधे एक्सेलची पॅकिंग लिस्ट, उजवीकडे अकाउंटिंग, असं माझं काम. विंडोज 10 स्वतःहून अर्धी-अर्धी स्क्रीन किंवा चार कोपरे देतं, त्यात हे बसत नाही.

सुरुवातीला तीन सारखे रकाने केले आणि वैतागले. 1920 पिक्सेलचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी 640. ई-वे बिलाचं पोर्टल उघडलं की आडवं सरकवत बसा. प्रायॉरिटी ग्रिड हा त्यातलाच तयार साचा लावल्यावर मत बदललं: मधे निम्मी स्क्रीन, दोन्ही बाजूंना पाव-पाव. साचा निवडायचा एडिटर उघडायला विंडोज, शिफ्ट आणि 1 च्या डावीकडचं बटण. विंडो ओढताना शिफ्ट धरलं की रंगीत चौकटी उमटतात, हव्या त्या चौकटीत सोडायची. चौकटींभोवती 16 पिक्सेलची मोकळी जागा आपोआप सुटते, ती आधी बंद करा. छोट्या स्क्रीनवर ही नासाडी मला सहन होत नाही. ती काढल्यावर पॅकिंग लिस्टमधला एकूण डझनांचा रकाना पूर्ण दिसायला लागला.

खरं दुखणं अकाउंटिंगच्या विंडोचं. बाकी सगळ्या मुकाट जागेवर बसतात, ही मात्र ढिम्म. शिफ्ट धरा, ओढा, चौकटीच उमटत नाहीत. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर म्हणे, मशीन फॉरमॅट करा! ऐन डिस्पॅचच्या दिवसांत! कारण एवढंच होतं की इन्स्टॉल करताना त्यांच्याच माणसाने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर टिक करून ठेवली होती. ॲडमिन म्हणून, म्हणजे जादा हक्कांनी, चालणाऱ्या प्रोग्रामची विंडो साध्या प्रोग्रामला हलवू द्यायची नाही, हा विंडोजचा सुरक्षेचा नियम आहे. पॉवरटॉइजच्या जनरल सेटिंगमध्ये जाऊन तेही कायम ॲडमिन म्हणूनच चालेल असं केलं, आणि विंडो निमूट उजवीकडे जाऊन बसली. एवढ्या एका गोष्टीपायी मी तीनच स्टार देणार होते, आता साडेचार देते.

मजा म्हणजे 1985 च्या पहिल्या विंडोजमध्ये विंडो शेजारी-शेजारीच लागायच्या. एकमेकींवर चढायला लागल्या त्या 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून.

लाइट जाऊन मशीन बंद पडणं आमच्याकडे नेहमीचंच. त्यासाठी नवी विंडो आधी ज्या झोनमध्ये होती तिथेच उघडण्याची सेटिंग चालू ठेवा, निम्मी मांडामांड वाचते. ज्यांच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नाहीत त्यांनी मात्र सॉफ्टवेअरवाल्याकडून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची टिकच काढून घ्यावी, नाहीतर रोज सकाळी पासवर्डसाठी मालकांच्या केबिनबाहेर थांबावं लागेल.