हाताची झोळी: सात महिन्यांनंतर

मेडिकलमधून घेतलेली साधी निळी झोळी. आत फोम, गळ्यात पट्टा, मनगटाशी वेल्क्रो. नोव्हेंबरात कोल्हापूरला डाव्या खांद्याखाली, छातीत पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं छोटं यंत्र) बसवला तेव्हापासून घरात आहे. वापरली दोनेक महिने, त्यातले पहिले तीन आठवडे साफ चुकीची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते एवढंच: सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, आणि झोळी फक्त झोपताना. झोपेत हात नकळत डोक्याखाली जातो ना! पेसमेकरच्या तारा शिरेतून हृदयात सोडलेल्या असतात, त्या आत पक्क्या धरायला वेळ लागतो. माझ्या डोक्यात मात्र 'तार सुटेल' एवढंच बसलं. झोळी दिवसभर गळ्यात. अंबाडा घालण्यापासून नारळ खवण्यापर्यंत सगळं सुनेवर.

तिसऱ्या आठवड्यात जखम वाळली, पण हात ठणकायला लागला. जखमेपाशी नाही, खांद्याच्या मागे आणि दंडात. कूस बदलली की डोळ्यांत पाणी. शेजारच्या काकी नारायण तेलाची बाटली घेऊन हजर! पेसमेकरच्या आसपास चोळायला सक्त मनाई होती, म्हणून ते तेल गुडघ्यांना लावलं. तपासणीला गेले तर पेसमेकर ठणठणीत, खांदाच आखडलेला. डॉक्टर म्हणाले, "हात वर नेऊ नका म्हटलं होतं, हलवू नका असं कुठे म्हटलं?"

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं. उजवा हात टेबलावर टेकून वाकायचं आणि डावा मोकळा सोडून विहिरीतल्या पोहऱ्यासारखा हलकेच झुलवायचा. कोपर, मनगट, बोटं तर पहिल्या दिवसापासून हलवायची होती. सहा आठवड्यांनंतर भिंतीवर बोटं चढवणं. माजघरात जिथे नातवाची उंची मोजतो, तिथेच माझ्याही पेन्सिलीच्या रेघा आहेत. पहिली त्याच्या बालवाडीतल्या उंचीएवढी.

झोळीबद्दल म्हणाल तर शिवण चांगली. पण आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी घाम येतो, पट्ट्याने मानेला पुरळ आलं. वेल्क्रो पदराचे धागे ओढतं. धुतली की फोम दोन दिवस वाळत नाही. पाचपैकी तीन.

खरा उपयोग एका छोट्या उशीचा झाला. झोपताना दंडाखाली ठेवली की खांदा लोंबत नाही. आणि गाडीत पुढे बसू नका: ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा नेमका डाव्या खांद्यावरून येतो. आंबा घाट उतरताना मी ड्रायव्हरच्या मागे बसले, तिथे तो उजव्या खांद्यावरून येतो.

एक मात्र आहे. जखम लाल झाली, फुगली, पाणी यायला लागलं, ताप आला किंवा अख्खा हात सुजला तर उशीबिशी बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठा.

परवा दोरीवर स्वतः साडी वाळत घातली. डाव्या हाताची रेघ उजवीपेक्षा अजून दोन बोटं खालीच आहे.