विणीच्या गतीने वाचण्याचे पुस्तक : काओरू मोरी यांची 'अ ब्राइड्स स्टोरी'

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत पुण्यात शिकणारी माझी भाची सोलापुरात आली, तेव्हा तिने पिशवीतून पुठ्ठा बांधणीचे एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. "मामा, यात सगळी कापडंच कापडं आहेत, तुम्हाला आवडेल," एवढेच ती म्हणाली. मी सवयीने डावीकडून पुस्तक उघडू लागलो, तेव्हा तिने ते माझ्या हातात फिरवून दिले. जपानी चित्रकथा, म्हणजे मंगा, उजवीकडून डावीकडे वाचतात आणि या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीतही तीच मांडणी कायम ठेवलेली आहे. पहिली पंधरा-वीस पाने डोळा चुकत राहतो, एखाद्या चौकटीतले उत्तर प्रश्नाच्या आधी वाचले जाते. त्यानंतर मात्र अडचण वाटत नाही. भाचीने तो खंड रेल्वेच्या प्रवासात संपवला होता. मला त्याला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे माझ्या अलीकडच्या वाचनातले सर्वांत समाधानाचे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुस्तकाची ओळख थोडक्यात करून देतो. काओरू मोरी यांचा जन्म १९७८ सालचा. त्यांची आधीची 'एमा' ही मालिका व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये घडते. 'अ ब्राइड्स स्टोरी' २००८ साली जपानमध्ये मासिकातून क्रमशः सुरू झाली, २०११ पासून इंग्रजीत खंडशः येऊ लागली आणि २०१४ साली तिला जपानमधील 'मंगा ताइशो' हा पुरस्कार मिळाला. कथा एकोणिसाव्या शतकातील मध्य आशियाची आहे. भटकंती करणाऱ्या टोळीतील आमिर ही तरुणी लग्न होऊन कॅस्पियन समुद्राच्या बाजूच्या एका गावात, स्थिर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबात येते. ती घोड्यावरून बाण मारून सशाची शिकार करते आणि सासरच्या माणसांना त्याचे नवल वाटते. त्याच घरात स्मिथ नावाचा एक इंग्रज लोकांच्या चालीरीतींची टिपणे काढत राहतो. पुढच्या खंडांत तो प्रवासाला निघतो आणि त्याच्याबरोबर कथाही नव्या गावांत, नव्या नवऱ्या मुलींकडे जाते.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. आमिर वीस वर्षांची आहे आणि तिचा नवरा कारलुक बारा वर्षांचा. त्या समाजात वीस वर्षांची नवरी उशिरा लग्न झालेली समजली जाते. आजच्या वाचकाला हे खटकते, मलाही खटकले. माझ्या आजीचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि त्याविषयी ती कधी हसून बोलली नाही, त्यामुळे अशा प्रथेचे गोड चित्र पाहताना मी सावध असतो. लेखिकेचा ओढा त्या दोघांमधील जिव्हाळा दाखवण्याकडे आहे; प्रथेची चिकित्सा करण्याकडे नाही. शिवाय काही खंडांत मोठ्या माणसांसाठीचीच म्हणता येतील अशी चित्रे आहेत. तेव्हा चित्रांचे पुस्तक आहे म्हणून ते थेट मुलांच्या हातात देऊ नये, आधी स्वतः चाळावे.

आता ज्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडतो त्याकडे वळतो. पहिल्याच खंडात एक प्रकरण आहे, ज्यात जवळजवळ काहीच घडत नाही. घरातला लहान रोस्तेम सांगितलेली कामे विसरून लाकडावर नक्षी कोरणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराशेजारी जाऊन बसतो आणि बघत राहतो. पानांमागून पाने हात, पटाशी आणि लाकूड यांचीच आहेत. सुरुवातीला मी ती पाने उलटून पुढे गेलो, कारण वाचायला शब्दच नव्हते. दुसऱ्या दिवशी परत मागे आलो आणि त्या मुलाने जसे बघितले तसे बघायला बसलो. तेव्हा लक्षात आले की, कारागिराच्या हातून अजून न सुटलेल्या भागात नक्षीची नुसती आखणी आहे, पुढच्या चौकटीत तिची कड उठली आहे आणि त्याच्याही पुढच्या चौकटीत पाकळीला पोट आले आहे. मोरी यांनी काम पूर्ण झाल्याचे चित्र काढले नाही, काम होत असतानाचे काढले आहे, आणि ते काम होण्यास जितका वेळ लागतो त्यातला थोडासा तरी वेळ वाचकाने द्यावा अशी त्यांची अपेक्षा आहे.

हे मला उमगले त्यामागे माझे घर आहे. वडील गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या पिढीतले. गिरणी बंद पडल्यावर ते पूर्व भागातील चादरीच्या एका कारखान्यात मागावर उभे राहिले. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत असे. मी स्वतः त्याच धंद्यात, पण हिशेबाच्या टेबलावर, तेहतीस वर्षे काढली. वडिलांच्या सामानातून माझ्याकडे राहिलेली एक वस्तू म्हणजे कापडातले धागे मोजण्याचे छोटे, घडी होणारे पितळी भिंग. इंचात किती सूत बसले हे त्यातून मोजतात. एके रात्री ते भिंग मी आमिरच्या झग्याच्या बाहीवर ठेवले.

सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्डवर निघते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर फिरत असते. एक पत्ता म्हणजे बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा, आणि पत्त्यावर जिथे भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. म्हणून चादरीच्या एका टोकाचा मोर आणि दुसऱ्या टोकाचा मोर यांत केसाचाही फरक नसतो, आणि फरक पडला तर तो दोष समजून माल बाजूला काढला जातो. भिंगाखाली दिसलेली बाही याच्या अगदी उलट होती. एकच फूल ओळीने अकरा वेळा आले होते, आणि अकराही फुले वेगळी होती. कुठे देठ किंचित वाकलेला, कुठे पाकळी दाबून बसवलेली. कोपराशी कापड दुमडते तिथे रेघा जवळ येऊन नक्षी जणू चुण्यांच्या आत शिरलेली. मोरी ही सारी वेलबुट्टी हाताने, लेखणीने काढतात. छापलेल्या कापडाचा आभास आणण्याच्या सोप्या युक्त्या चित्रकलेत पुष्कळ आहेत, पण त्या वापरल्या असत्या तर ती बाही कापडाची राहिली असती, हाताने भरलेली राहिली नसती. आमिरच्या बाहीवर कुण्या बाईने टाका टाका घातला आहे हे कथेत म्हटलेले आहे, आणि चित्रातही ते तितकेच खरे आहे.

दुसऱ्या खंडातील भरतकामाचे प्रकरण मला संपूर्ण मालिकेत सर्वांत श्रेष्ठ वाटते. तिलेके या मुलीला शिकारी पक्ष्यांचे वेड आहे आणि भरतकाम शिकताना ती जिथे जमेल तिथे ससाणे भरत सुटते. तिला मार्गावर आणण्यासाठी घरातील आजी, बाल्किर्श, घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या भरलेली कापडे उलगडून दाखवते. कोणाचा हात कसा होता, कोणाची आवड कोणती होती, हे त्या कापडांवरून ओळखता येते. आमच्या आईच्या पेटीत अशी दोनच कापडे होती, एक रुखवताचा रुमाल आणि एक पाळण्यावरचे झाकण. ती कोणी भरली हे विचारायचे राहून गेले. या प्रकरणाला मी चार संध्याकाळी दिल्या. प्रत्येक कापडापाशी थांबलो, कारण लेखिकेने प्रत्येक कापडाची वीण निराळी काढली आहे आणि ती घाईत एकसारखी दिसते.

परिया या मुलीबद्दलही एक वाक्य लिहिले पाहिजे. बोलायला गेली की तिच्या तोंडून तिखटच निघते, पण गावाच्या सामाईक भट्टीवर ती पावावर अशी नाजूक नक्षी उठवते की, पाव मोडू नये असे वाटते. पुढे हीच मुलगी भरतकामात मात्र अडखळते, आणि ज्या हातांना कणीक वश आहे त्यांना सुई वश होत नाही याचे दुःख लेखिकेने फार समजुतीने रेखाटले आहे.

लैला आणि लैली या जुळ्या बहिणींची कथा अरल समुद्राच्या काठी, मुयनाक या कोळ्यांच्या गावी घडते. त्या भागात विनोद आहे, धांदल आहे, लग्नाची जेवणावळ आहे, आणि खरे तर मालिकेतला तोच भाग सर्वांत भरभर वाचला जातो. मी तो सावकाश वाचला तो एका वेगळ्या कारणाने. मुयनाकच्या पुढे आज समुद्र नाही. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी विसाव्या शतकात कापसाच्या शेतीकडे वळवले गेले, १९६० नंतर अरल आटत गेला, आणि आता त्या गावाबाहेर वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. पुस्तकात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. तिथे मासळी आहे, जाळी आहेत, ओल्या पायांनी पळणाऱ्या दोन मुली आहेत. कापसावर जगलेल्या शहरातल्या माणसाला ती पाने पटकन उलटवत नाहीत.

मंगा म्हणजे हेच, असा समज कोणी करून घेऊ नये. भाचीच्या सांगण्यावरून मी नंतर ओसामू तेझुका यांची बुद्धचरित्रावरची मालिका वाचली. १९७२ ते १९८३ या काळात चाललेली ही मालिका इंग्रजीत आठ खंडांत मिळते. वैद्यकीचे शिक्षण घेतलेला हा माणूस सुमारे दीड लाख पाने काढून गेला असे सांगतात, आणि त्याची रेघ तशीच धावती आहे. तिथे थांबायला गेलो की उलट कथेचा वेग मोडतो. जिरो तानिगुची यांच्या चालणाऱ्या माणसाच्या गोष्टी मात्र मोरी यांच्या जवळच्या वाटल्या. त्यांतला माणूस गावातून नुसता फिरतो, झाडात अडकलेले खेळण्यातले विमान काढायला वर चढतो, आणि शब्द जवळजवळ नसतात. ते वाचल्यापासून सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारताना मी देवळाकडच्या पायऱ्यांपाशी थांबू लागलो आहे. पण तानिगुची मोकळी हवा काढतात आणि मोरी कापड काढतात, आणि माझे मन कापडाकडे जाते.

आवृत्तीविषयी. कागद जाड आणि मळकट न होणारा आहे, छपाई इतकी स्वच्छ की, भिंगाखालीही रेघा एकमेकींत मिसळत नाहीत. या पुस्तकाच्या बाबतीत हीच पहिली कसोटी समजावी. मोबाइलच्या पडद्यावर मी एकदा पाहून घेतले, आणि भरतकामाची पाने तिथे नुसती करडी दिसली. बांधणी मजबूत आहे, मात्र घट्टही आहे, त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा मधला भाग शिवणीत जातो आणि गालिच्याची मधली वेल अर्धी दिसते. इतक्या देखण्या पानांचे असे होणे मनाला लागते. मागवलेल्या तिसऱ्या खंडाचा कोपरा दुमडून आला होता. विक्रेत्याने तक्रार केल्यावर नऊ दिवसांनी बदलून दिला. मला पडलेल्या एका खंडाच्या किमतीत डबल बेडची चांगली चादर आली असती, त्यामुळे मी तीन महिन्यांना एक या बेताने घेतो, आणि हा बेत वाचनालाही सोयीचा ठरला आहे. जपानमध्ये मूळ खंड साधारण वर्षाला एक निघत आला. ज्या वाचकांनी तो तसा वाचला त्यांना प्रत्येक प्रकरण मुरू द्यायला भरपूर अवकाश मिळाला. सारे खंड एकदम घेऊन दोन रविवारांत वाचून काढणे शक्य आहे, इंग्रजीही अवघड नाही. तसे करू नये असे मी आग्रहाने सांगेन. माझा शिरस्ता एका संध्याकाळी एकच प्रकरण, पंखा चालू, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि प्रकरण संपल्यावर लगेच पुढचे न उघडता त्याच प्रकरणातले एखादे पान पुन्हा पाहणे, असा आहे.

प्रत्येक खंडाच्या शेवटी लेखिकेची काही विनोदी पाने असतात, त्यांत ती स्वतःविषयी बोलते. शाळेच्या वयापासून मध्य आशियाचे वेड असल्याचे तिने तिथे सांगितले आहे, आणि घोडे, दागिने, कपडे काढायला मिळाले याचा तिला झालेला आनंद त्या वेड्यावाकड्या चित्रांतही लपत नाही. ती पाने शेवटीच वाचावीत. आधी वाचली तर मूळ कथेची शांतता जाते.

दुसरा खंड सध्या माझ्याकडे नाही. शेजारच्या अक्कांना मी तो सहज दाखवला होता. त्यांचे यजमान चादरींच्या नक्ष्या ग्राफ पेपरवर चौकट चौकट भरून काढत असत. अक्कांना इंग्रजी येत नाही, घरी बोलणे तेलुगूत. "राहू द्या दोन दिवस," त्या म्हणाल्या, त्याला आता महिना होत आला. परवा गेलो तेव्हा यजमानांचा जुना ग्राफ पेपर टेबलावर पसरलेला होता आणि त्या पेन्सिलीने तिलेकेचा ससाणा त्यावर उतरवत होत्या. चोच आणि एक पंख झाला आहे. दुसऱ्या पंखाच्या चौकटी त्या मोजत होत्या, म्हणून मी पुस्तकाचा विषय काढला नाही.