ललितकलादर्श नाटक मंडळी : शंभर वर्षं उशिरा दिलेला रिव्ह्यू

मिसळीच्या दुकानाला रिव्ह्यू देतो, गादीवाल्याला देतो, मग नाटक कंपनीला का नाही, असा विचार आला आणि बसलो लिहायला. निमित्त मागच्या रविवारचं. एका नाट्यगृहात (नाव नको, उगाच भांडणं) साडेचारचा प्रयोग पाच वाजून गेले तरी सुरू होईना, एसी बंद, माइकची खरखर, आणि पडद्यामागून कुणीतरी जोरात ‘अरे टेबल कुठाय’ म्हणतंय ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय. शेजारचे एक काका शांतपणे एवढंच म्हणाले, "पेंढारकर असते तर आता पहिला अंक निम्मा झाला असता."

भालचंद्र पेंढारकर म्हणजे अण्णा, ललितकलादर्श ही नाटक कंपनी पुढे चालवणारे. त्यांच्या वेळेच्या शिस्तीबद्दल आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय. तिसरी घंटा झाली की पडदा वर, मग तुम्ही पायऱ्यांवर असा नाहीतर वडा खात असा. माझी आजी गिरगावातली, ती ललितकलादर्शच्या प्रयोगाला जायचं असलं की दुपारचा चहासुद्धा लवकर उरकायची. आता एखाद्या निर्मात्याच्या भीतीने कोण चहा लवकर घेतं सांगा.

तर कंपनीची हकीकत. १ जानेवारी १९०८, हुबळी. केशवराव भोसले नावाच्या मुलाने स्वतःची मंडळी काढली, वय साडेसतरा. साडेसतरा! त्या वयात मी क्लासला दांडी कशी मारायची यावर डोकं चालवत होतो. पण तो पोरगा नवखा नव्हता, लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेलेला, तिथे ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजलेला, म्हणजे बायकी पार्ट करून गाणं म्हणून लोकांना वेड लावायचं आणि त्याचे पैसे मालकाला मिळायचे हे सगळं पाहून झालेलं. नाव ठेवलं तेही कसलं, ललितकला आणि आदर्श असे दोन जड शब्द जोडून. नावाला जागणं अवघड असतं, पण हे लोक बऱ्यापैकी जागले असं माझं मत.

कारण त्या काळात संगीत नाटकाला लोक गाण्यासाठी यायचे, एकेका पदाला चार चार वन्समोअर, कथानक काय ते नंतर बघू. केशवरावांचा आवाज असा की नुसत्या पौराणिक नाटकांवर आयुष्य काढलं असतं तरी तिकिटं खपली असती. तरी यांनी मामा वरेरकरांची नाटकं घेतली, हाच मुलाचा बाप म्हणजे हुंडा, संन्याशाचा संसार म्हणजे धर्मांतर. पैसे देऊन आलेल्या माणसाला त्याच्याच घरातली लाज दाखवायची आणि वर गाणंही ऐकवायचं, धंद्याच्या दृष्टीने हा येडेपणाच. मला या कंपनीबद्दल सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आणि संयुक्त मानापमान, म्हणजे ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची कंपनी यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग! त्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्णच होणार नाही. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग, धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व. समजा तुमच्या गावात दोन हॉटेलं आहेत, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी, आणि एक दिवस दोघांचे आचारी एकाच चुलीवर उभे राहिले. लोकांनी त्या रात्रीबद्दल पुढे कितीतरी वर्षं भांडणं केली, कोण वरचढ, कुणी कुणाला खाल्लं वगैरे. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस.

इथे दुसरी कुठलीही कंपनी बसली असती. मालकच मुख्य गायक नट, तोच गेला म्हणजे दुकानाचं शटर खाली. पण बापूराव पेंढारकरांनी (अण्णांचे वडील) चालवली, आणि नुसती चालवली नाही तर १९२२ ला सत्तेचे गुलाम हे नाटक आणलं, त्याला नेपथ्यकार पु. श्री. काळ्यांनी बॉक्स सेट उभा केला. आजच्या पोरांना यात काय मोठं असं वाटेल. पण तेव्हा रंगवलेला पडदा खाली आला की राजवाडा, वर गेला की अरण्य, असा मामला होता, त्यात खऱ्या दारं-खिडक्यांची खोली म्हणजे केवढी गोष्ट. (आता त्या खोलीत बसून माणूस मध्येच तान घ्यायचा हे जरा गमतीशीर दिसत असणार, पण जाऊ दे.) पुढच्याच वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’ हे नाटक, विषय अस्पृश्यता.

१९३७ ला बापूराव गेले. मग १९४२ मध्ये त्यांच्या मुलाने, म्हणजे आपल्या अण्णांनी, विशीत कंपनी पुन्हा उभी केली, तेही बोलपट आल्यावर नाटक कंपन्या पटापट मिटत असताना. गाण्याची तालीम गायक रामकृष्णबुवा वझ्यांची, त्यामुळे गळ्याचा प्रश्न नव्हता, प्रश्न पैशाचा असणार. पुढे दुरितांचे तिमिर जावो, पंडितराज जगन्नाथ, जय जय गौरीशंकर ही नाटकं. आमची आजी दुरितांचे म्हटलं की लगेच पदर डोळ्याला.

आता तक्रारी. सगळंच गोड लिहिलं तर पेड रिव्ह्यू वाटेल. पंडितराजची भाषा मला जड जाते, ते लिहिणाऱ्या विद्याधर गोखल्यांचे शब्द कानाला मस्त पण अर्थ कळेपर्यंत पुढचं पद सुरू. दुरितांचे मध्ये रडवायचं ठरवून रडवलंय असं मला वाटतं, आजीसमोर हे बोलायची हिंमत झाली नाही कधी. आणि आज एखाद्या नवख्याला सलग तीन अंक बसवणं कठीण आहे, मी भाच्याला रेकॉर्डिंग ऐकवलं तर नांदी संपायच्या आत तो मोबाइलमध्ये.

हो, रेकॉर्डिंगचं राहिलंच. अण्णांनी गिरगावातल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात होणारी नाटकं टेपवर उतरवून ठेवली, आणि फक्त स्वतःच्या कंपनीची नाही बरं का. दुसऱ्याच्या दुकानातला माल कोण जपून ठेवतं? आज जुन्या प्रयोगांचे आवाज ऐकायला मिळतात त्यात या माणसाच्या टेपांचा वाटा मोठा आहे. ११ ऑगस्ट २०१५ ला अण्णा गेले.

कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, शाहू महाराजांनी बांधलेलं, त्याला पुढे केशवरावांचंच नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. ते व्हिडिओ मी दोनदा सुरू केले आणि दोनदा बंद केले.

रेटिंग : पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो गोखल्यांच्या शब्दांसाठी. वेळेसाठी वेगळे दोन स्टार द्यायची सोय असती तर दिले असते. रविवारच्या त्या नाट्यगृहाला एक, तोही शेजारच्या काकांमुळे.