गोडं पाणी आणि वीज एकत्र: टर्बाइनची वाफ वापरावी की सौर पॅनेल?

एकाच ठिकाणी वीजही करायची आणि समुद्राचं पाणी गोडंही करायचं असेल, तर साधारण दोन वाटा समोर येतात. पहिलीत आरशांनी ऊन गोळा करून वाफ करायची, तिच्यावर टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवर पाणी ऊर्ध्वपातित करायचं. दुसरीत पॅनेलच्या विजेवर आरओचे पंप चालवायचे, म्हणजे खारं पाणी दाबाने बारीक पडद्यांतून ढकलून क्षार मागे ठेवायचे. पहिली वाट कागदावर फार देखणी दिसते, कारण वाफ 'फुकट' मिळते असं वाटतं.

ती फुकट नसते, हेच आधी तपासावं. बहुपदरी ऊर्ध्वपातनाला, म्हणजे एमईडीला (एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातलं पाणी उकळते, अशी रांग), सुमारे ७० अंशांची वाफ लागते. टर्बाइनची वाफ एरवी कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्यात, ४० अंशांच्या आसपास उतरते. ती ७० अंशांवरच काढून घेतली, तर मधल्या उतारातून मिळणारी वीज गेली. किती? चांगल्या एमईडीला एका घनमीटरमागे ६०-६५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. माझ्या ढोबळ हिशोबाने त्यापायी साडेचार-पाच युनिट वीज बुडते, वर पंपांची दीड-दोन युनिटं. म्हणजे सहा-सात युनिटं. समुद्राच्या पाण्याचा आधुनिक आरओ प्रकल्प तेवढंच पाणी तीन-चार युनिटांत देतो.

टर्बाइन बाजूला ठेवून थेट उन्हाच्या उष्णतेवर एमईडी चालवायचं म्हटलं, तर जागेचा प्रश्न येतो. रोज हजार घनमीटर पाण्यासाठी, चांगल्या उन्हाच्या जागी, आरओला सुमारे चार हजार चौरस मीटर पॅनेल पुरतात (मधल्या मोकळ्या जागेसह याच्या दुपटीहून जास्त जमीन धरा). एमईडीला तेवढ्याच पाण्यासाठी वीसेक हजार चौरस मीटर आरसे. सौदी अरेबियातल्या अल खाफजीचा, दिवसाला ६०,००० घनमीटर क्षमतेचा प्रकल्प सौर वीज आणि आरओ या जोडीवर उभा राहिला, यात नवल नाही.

मग वाफेची वाट कुणी धरावी? ज्याच्याकडची उष्णता खरोखरच वाया जाते आहे, त्याने. डिझेल इंजिनाभोवती फिरणारं पाणी ८०-९० अंशांवर बाहेर पडतं. त्यातून पुन्हा वीज काढणं बहुतेकदा परवडत नाही, पण निर्वात भांड्यात पाणी उकळायला ते पुरतं. जहाजांवर गोडं पाणी वर्षानुवर्षं असंच केलं जातं. तुमच्याकडे डिझेल जनरेटर सतत चालत असेल, तर त्या उष्णतेला सौर उष्णतेची जोड देणं शहाणपणाचं आहे. उष्णतेचं तिसरं गिऱ्हाईक असेल तरी गणित फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाजवळच्या सनड्रॉप फार्म्समध्ये २०१६ पासून १२७ मीटर उंच मनोऱ्यावर आरशांचं ऊन गोळा होतं, त्यातून वीज, गोडं पाणी आणि हरितगृहाची ऊब अशी तिन्ही कामं होतात. ऊब हवीच असल्यामुळे तिथे आरशांची मेहनत वसूल होते.

पाणी किती खारं, हेही पाहा. साधारण समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, आखाती देशांच्या किनाऱ्यावर चाळिशीच्या वर. क्षार वाढले की आरओला दाब वाढवावा लागतो, एमईडीला त्याचा फरक फारसा जाणवत नाही. लिटरमागे ७० ग्रॅमच्या पुढे मात्र नेहमीचे पडदे हात टेकतात.

रात्रीचा प्रश्न दोघांनाही आहे. एमईडी रोज बंद-चालू करणं त्रासाचं, कारण निर्वात तयार व्हायला आणि भांडी तापायला वेळ जातो. पडद्यांनाही बंद-चालू आवडत नाही, पण ग्रिडची जोड असली की ते निमूट चालतात. ग्रिड नसेल तर महागड्या बॅटरीआधी मोठ्या टाकीचा विचार करा. दिवसा जादा पाणी करून ठेवणं हीसुद्धा साठवणूकच.

माझा कौल नव्या जागेसाठी सरळ पॅनेल-आरओला. एक अपवाद ठेवतो: वीजकेंद्राच्या बॉयलरला अतिशुद्ध पाणी लागतं. आरओचं पाणी लिटरमागे काहीशे मिलिग्रॅम क्षार राखून असतं, एमईडीचं दहाच्या आसपास. तेवढ्या पाण्यापुरतं छोटं एमईडी शेजारी बसवलं, तर पुढचा शुद्धीकरणाचा खर्च बराच उतरतो.