ई-जर्नल पॅकेज, अकरा महिन्यांनंतर: नेट सुधारलं आणि वापर घटला

तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पॅकेजचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. गेल्या वर्षी ज्यांच्याकडे तेच कोटेशन आलं होतं ते ओळखतीलच. जर्नल्स किती, विषय कोणते, हे माहितीपत्रकात रंगीत छापलेलं असतं, ते पुन्हा उतरवत नाही.

आम्ही ७२,००० रुपये भरले. एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-जर्नल्स देणारी सरकारी योजना अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला सहा हजारांच्या आत मिळतं आणि त्यात सहा हजारांवर जर्नल्स असतात, तेव्हा हा खर्च कशाला, असं मी समितीत विचारलं होतं. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं होतं, खर्च दिसायला हवा होता, विषय संपला. पैसे उभे करायला चौदा छापील नियतकालिकं बंद केली. त्यात ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ (‘ईपीडब्ल्यू’)ही गेलं. अर्थशास्त्राचे सर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पहिले आठ महिने तक्रार नव्हती, कारण मी बघतच नव्हतो. डिसेंबरात कॉलेजला फायबर आलं, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बदलला आणि पॅकेज बंद पडलं. हे पॅकेज फक्त कॉलेजच्या आयपीवर चालतं. एन-लिस्टसारखा प्रत्येकाला वेगळा पासवर्ड नाही, म्हणजे घरून वाचायची सोय नाहीच. नवा आयपी कळवायचा, त्यांनी तो नोंदवायचा, एवढंच काम. नऊ दिवस लागले. ‘आपलं तिकीट नोंदवलं गेलं आहे’ अशी मेल तीनदा आली आणि ब्राउझरची कॅशे साफ करायला चारदा सांगितलं. कॅशे साफ केल्याने आयपी बदलत असता तर मी वर्षभर तेच केलं असतं.

या भांडणात बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब काढायला मी वापराचा अहवाल मागितला. अ‍ॅडमिनचं लॉगिन पहिल्या दिवसापासून माझ्याच मेलमध्ये पडून होतं, हे तेव्हा कळलं. चूक माझी.

तर आता खरं दुखणं. विक्रेता दर तिमाहीला जो आकडा पाठवायचा तो होता ‘टोटल आयटम रिक्वेस्ट्स’, म्हणजे लेख एकूण किती वेळा उघडले. फेब्रुवारीअखेर १,२८६. म्हणजे एका वापराला ५६ रुपये, वाईट नाही. ई-साहित्याचा वापर कसा मोजायचा याचा काउंटर नावाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०१९ पासून लागू झाली. तिच्यात शेजारीच दुसरा रकाना असतो, ‘युनिक आयटम रिक्वेस्ट्स’. एका वाचकाने एका बैठकीत एक लेख कितीही वेळा उघडला तरी तिथे एकच. तो आमचा ३९१. एका वापराला १८४ रुपये. हा रकाना तिमाहीच्या पत्रात कधीच नव्हता.

फरक एवढा का? एक, लेख आधी वेब पानावर उघडतो, मग मूल पीडीएफवर टिचकी मारतं. मोजणी दोन. दुसरं कारण शोधायला मला चार संध्याकाळी लागल्या, बायको म्हणाली जर्नल वाचलं असतंस तर वापर तरी वाढला असता. त्याच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत पुन्हा टिचकी पडली तर ती एकच धरायची, असा काउंटरचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण आमच्या जुन्या नेटवर पीडीएफ उघडायला मिनिटभर लागायचं. पोरं वाट बघून पुन्हा दाबायची, पुन्हा वाट, पुन्हा दाबायची. प्रत्येक वेळी नवा ‘वापर’. सप्टेंबरात टोटल ३१२ आणि युनिक ४४. जानेवारीत, फायबर आल्यावर, टोटल ९६ आणि युनिक ५८.

म्हणजे वाचन वाढलं आणि आकडा तिपटीहून जास्त खाली आला. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, नेटवर एवढा खर्च करून वापर का घटला? मी दोन रकाने समजावले. ते म्हणाले, ‘एसएसआरमध्ये कोणता लिहायचा?’ एसएसआर म्हणजे नॅकला द्यायचा स्वयंमूल्यांकन अहवाल. यावर मी गप्प बसलो.

इथवर मी हे पॅकेज बंद करा असंच लिहिणार होतो. पण त्याच अ‍ॅडमिन पानावर आणखी एक अहवाल सापडला, टीआर-जे२. वाचकाने मागितलं पण आपण वर्गणी भरलेली नाही म्हणून दार लागलं, त्याची जर्नलवार यादी. इतक्या वर्षांत वाचकाला काय मिळालं नाही हे मला कुठल्याच रजिस्टरने सांगितलं नव्हतं. छापील अंक मागणारा हात हलवत परत जातो, नोंद कोण ठेवतो? यादीत वनस्पतिरोगांचं एक जर्नल ४३ नकारांसह सगळ्यात वर होतं. शोधलं तर एमएस्सीच्या चार मुली हळदीच्या कंदकुजीवर प्रकल्प करत होत्या. जर्नलची किंमत ऐकून मी विषय सोडला. त्यांच्या मॅडमनी लेखकालाच मेल टाकली, दोन दिवसांत पीडीएफ आली. बाकी बरंचसं भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जर्नल्समध्ये आणि सीएसआयआरच्या ‘नोपर’ या ऑनलाइन जर्नल-भांडारात मोफत सापडलं. आता नकारांची यादी मी दर महिन्याला विभागांत फिरवतो. या एका अहवालासाठी पॅकेजला दोन गुण जास्त.

गेलेले गुणही आहेत. काही जर्नल्सचे ताजे बारा महिने बंदच असतात, हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात होतं. दोन जर्नल्स वर्षाच्या मध्येच यादीतून गायब झाली, पैसे परत नाहीत.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरच्या संस्थांसाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी भरायची केंद्राची योजना आमच्यापर्यंत येईल तेव्हा हे सगळं सुटेल, असं काही मित्र म्हणतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. पण २०२५ पासूनचा पहिला टप्पा केंद्र-राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आमचं महाविद्यालय अनुदानित असलं तरी चालवते खासगी संस्था.

मार्चअखेर नूतनीकरणाचं पत्र आलं, आठ टक्के वाढीसह आणि १,२८६ आकडा ठळक करून. मी उत्तरात ३९१ लिहिला. दुसऱ्या दिवशी फोनवर वाढ रद्द झाली, वर दहा टक्के सूटही मिळाली. सवलतीच्या पैशांतून ‘ईपीडब्ल्यू’ पुन्हा सुरू करतोय. मी लेखी एवढंच विचारलंय की उद्या वर्गणी थांबवली तर पैसे भरलेल्या वर्षाचे अंक उघडे राहतील का? कपाटातले १९८० च्या दशकातले बांधीव खंड तरी आमचेच आहेत.

उत्तर आलंय. आपलं तिकीट नोंदवलं गेलं आहे.