सिक्लिडच्या टाकीसाठी एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

सात बाटल्या, काचेच्या चार नळ्या, रंगांचं एक कार्ड आणि पाच चाचण्या: साधा पीएच, हाय रेंज पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. एका किटमध्ये सुमारे ८०० चाचण्या होतात, त्यामुळे एका टाकीला ते मुदत संपेपर्यंत सहज पुरतं. गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांत हे किट इतकं रुळलंय की त्याच्याबद्दल नवीन काय सांगायचं असं वाटेल. पण बहुतेक रिव्ह्यू सर्वसाधारण टाकी धरून लिहिलेले असतात. पूर्व आफ्रिकेतल्या मालावी आणि टांगानिका तलावांतले सिक्लिड मासे अल्कधर्मी पाण्यात राहतात आणि तिथे याच कार्डावरच्या त्याच रंगाचा अर्थ पार बदलतो.

आधी निकाल सांगून टाकतो. किट घ्यावं. पण केएच-जीएचचं (पाण्याची कार्बोनेट क्षारता आणि एकूण कठीणपणा मोजणारं) वेगळं किट सोबत घेतल्याशिवाय सिक्लिडवाल्याचं काम भागत नाही. आणि अमोनियाचं रीडिंग पीएच न बघता वाचायचं नाही, कधीच नाही.

अमोनियापासूनच सुरुवात करू. मासे तो पाण्यात सोडतात आणि फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नळीत रेघेपर्यंत ५ मिली पाणी घ्या. पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसऱ्या बाटलीचे ८ थेंब, झाकण लावून ५ सेकंद जोरात हलवा आणि ५ मिनिटं थांबा. पिवळा रंग म्हणजे शून्य. पुढे ०.२५, ०.५, १, २, ४, ८ पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) असा हिरवा गडद होत जातो. ही चाचणी पाण्यातला एकूण अमोनिया मोजते, म्हणजे विषारी मुक्त अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम, दोन्ही मिळून. दोघांचं प्रमाण ठरतं पीएच आणि तापमानावर. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला सुमारे ५ टक्के, ८.५ ला सुमारे १५ टक्के आणि ९ ला ३५ टक्क्यांच्या पुढे.

आता कार्ड समोर धरा. माशांना दीर्घकाळ सोसवेल अशी मुक्त अमोनियाची मर्यादा साधारण ०.०२ पीपीएम धरतात. ऑस्कर या दक्षिण अमेरिकी सिक्लिडच्या टाकीत पीएच ७ आणि रीडिंग ०.५ आलं, तर मुक्त अमोनिया निघतो ०.००३ च्या आसपास. फिल्टरकडे बघायला हवं, पण मासे आज संकटात नाहीत. म्बुनांच्या (मालावीतल्या, खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांच्या) टाकीत पीएच ८.५ आणि रीडिंग फक्त ०.२५ असेल, तर मुक्त अमोनिया जवळजवळ ०.०४ होतो, मर्यादेच्या दुप्पट. म्हणजे मालावीवाल्यासाठी कार्डावरची शून्यानंतरची पहिली पायरीच धोक्याची आहे. आणि या चाचणीत ओळखायला सगळ्यात अवघड काय, तर नेमका ० आणि ०.२५ मधला फरक. पिवळ्यात हिरवट झाक आहे की नाही यावर वाद घालत बसावं लागतं, बल्बच्या पिवळसर उजेडात तर जास्तच.

यावर खात्रीचा उपाय एकच: सोबत दुसरी नळी ठेवा. तिच्यात ५ मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या, तेच थेंब, तेवढाच वेळ. दोन्ही नळ्या कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून दिवसाच्या उजेडात शेजारी-शेजारी बघा. डिस्टिल्ड वॉटरची नळी हे तुमचं खरं शून्य. टाकीच्या पाण्याचा रंग त्याहून जराही हिरवा असेल तर अमोनिया आहे, कार्ड काहीही म्हणो. नळीत वरून डोकावून रंग पाहू नये, पाण्याचा थर जाड दिसतो आणि रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो.

पाणी बदलल्यावर लगेच अमोनिया दिसला म्हणून घाबरणारे खूप. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर कंडिशनर, म्हणजे नळाचं पाणी माशांसाठी सुरक्षित करणारं द्रव, त्यातला क्लोरीन मोडतो आणि अमोनिया मागे उरतो. काही कंडिशनर तो अमोनिया तात्पुरता बांधून ठेवतात, पण ही चाचणी बांधलेलाही मोजते. म्हणून नळाचं पाणी कंडिशनर घालून एकदा वेगळं तपासून ठेवावं. टाकीतलं रीडिंग २४ तासांनी शून्यावर आलं तर फिल्टर आपलं काम करतोय. आलं नाही तर दोष फिल्टरमध्ये शोधायचा: मीडिया (ज्यावर जिवाणू राहतात तो फिल्टरमधला भराव) नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतला असेल, पंप रात्रभर बंद राहिला असेल किंवा एकदम बरेच मासे सोडले असतील.

नायट्राइटची चाचणी या किटमधली सगळ्यात सरळ. ५ मिली पाणी, ५ थेंब, हलवा, ५ मिनिटं. निळा म्हणजे शून्य, जांभळ्याकडे झुकला की नायट्राइट आहे. फिकट निळा आणि जांभळा यांत गोंधळ होत नाही, त्यामुळे या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. रुळलेल्या टाकीत तो शून्यच हवा. नायट्राइट रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतो. मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकतात, कल्ले तपकिरी पडतात. अशा वेळी पाणी बदलणं आलंच, पण मीठही मदत करतं, कारण क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. दर १ पीपीएम नायट्राइटला निदान १० पीपीएम क्लोराइड हवा. मिठात सुमारे ६० टक्के क्लोराइड असतो. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत नायट्राइट २ पीपीएम असेल तर साधारण ७ ग्रॅम मीठ. आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची भर नसलेलं साधं मीठ, आधी पाण्यात विरघळवून.

आता नायट्रेट. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे, आणि चुकीचा आकडा नेहमी दिलासा देणाऱ्या बाजूचा येतो, म्हणून ती चूक वाईट. दुसऱ्या बाटलीत न विरघळणारी बारीक पूड असते आणि ती तळाशी घट्ट बसते. नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम तीच करते आणि मग रंग उमटतो. पूड तळाशीच राहिली तर नायट्रेट कितीही असला तरी नळी पिवळीच राहते. म्हणून क्रम असा: पहिल्या बाटलीचे १० थेंब, नळी दोन-चार वेळा उलटसुलट करा. मग दुसरी बाटली पूर्ण ३० सेकंद जोरात हलवा, महिनाभर वापरली नसेल तर आधी टेबलावर आपटून गाळ सुटा करा. तिचे १० थेंब टाका, नळी पूर्ण १ मिनिट हलवा, ५ मिनिटं थांबा. हे एक मिनिट घड्याळ लावूनच मोजा, अंदाजाने हलवणारा हात वीस सेकंदांतच थांबतो. भरगच्च म्बुना टाकीत नायट्रेट ‘शून्य’ आला तर आनंद मानू नका, चाचणी पुन्हा करा.

कार्डावर ४० आणि ८० चे लाल जवळजवळ सारखेच दिसतात, आणि सिक्लिडच्या टाकीत पाणी बदलायचा निर्णय नेमका तिथेच घ्यायचा असतो. तेव्हा पाणी पातळ करा: १ मिली टाकीचं पाणी, ४ मिली डिस्टिल्ड वॉटर, चाचणी करून आकड्याला ५ ने गुणा. मोजायला सुई नसलेली सिरिंज उत्तम. १० चा नारिंगी आला तर टाकीत ५० आहे. नव्या टाकीत नायट्राइट अजून उरलेला असेल तर नायट्रेटच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, कारण आधीपासून असलेला नायट्राइटही त्याच लाल रंगात मिसळतो. शिवाय हे किट नायट्रेट आयन मोजतं. ज्या किटवर ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहिलेलं असतं त्याच्या आकड्याला ४.४ ने गुणल्याशिवाय दोघांची तुलना करू नये.

पीएचच्या दोन बाटल्या चटकन उरकतात: साध्याचे ३ थेंब, हाय रेंजचे ५. साध्याचा पट्टा ६.० ते ७.६, हाय रेंजचा ७.४ ते ८.८. साध्यात सगळ्यात वरचा निळा आला की हाय रेंज करायची, कारण ७.६ च्या वर काहीही असलं तरी तो तोच निळा दाखवतो. नळाचं पाणी तपासताना ते २४ तास उघडं ठेवून मगच तपासा, त्यातला वायू निघून गेल्यावर पीएच बदलतो.

किटमधली खरी उणीव केएचची. फिल्टरमधले जिवाणू १ मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे ७ मिलीग्रॅम इतकी क्षारता खाऊन टाकतात. जास्त खाणाऱ्या सिक्लिडच्या टाकीत, पाणी बदलण्यात टंगळमंगळ झाली की केएच, म्हणजे पीएच स्थिर धरणारी हीच क्षारता, हळूहळू तळाला जातो आणि पीएच घसरतो. कमी पीएचला जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे वरवर ठीक दिसतात. मग कुणीतरी ‘आता नीट साफ करू’ म्हणून ७० टक्के पाणी एकदम बदलतो, पीएच वर उसळतो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि रात्रीत मासे मरतात. अशा जुन्या टाकीत रोज १० टक्के पाणी बदलत आठवडाभरात सावरायचं असतं. हे संकट महिना-दोन महिने आधी दाखवते ती केएचची चाचणी: ५ मिली पाण्यात थेंब-थेंब टाकत रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत मोजायचं, जितके थेंब तितकी डिग्री. मालावीसाठी ती ६ च्या खाली जाऊ देऊ नये. वाढवायची असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा साधारण १ डिग्री वाढवतो. दिवसाला एका डिग्रीपेक्षा जास्त नको.

किट ज्याचं उत्तर देत नाही तेही लक्षात असू द्या. मासे दगडांना अंग घासतायत तर आधी अमोनिया बघा, तो स्वच्छ निघाला तर परजीवी शोधा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, आणि तरी एखादा म्बुना अन्न तोंडात घेऊन थुंकतोय, कोपऱ्यात उभा आहे, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबतेय, तर ही मालावी ब्लोटची (पोट फुगण्याच्या आजाराची) सुरुवात असू शकते. पोट फुगायची वाट न बघता त्याला वेगळ्या टाकीत हलवा आणि माशांच्या जाणकार पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध सुरू करा, फुगल्यावर वाचणारे थोडे. विरघळलेला ऑक्सिजन तर या किटच्या कक्षेतच नाही.

वापरातल्या बारीकसारीक गोष्टी: बाटली पूर्ण उभी उलटी धरा, तिरपी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. नळीवर बोट ठेवून हलवू नका, झाकणच लावा, कारण काही द्रव त्वचा जाळणारे आहेत. मुलांना उघडता येऊ नयेत अशी झाकणं ओल्या हातांनी मोठ्यांनाही उघडत नाहीत, पण ती तशीच हवीत. चाचणीचं पाणी टाकीत परत ओतायचं नाही. नळ्या लगेच धुवा, नायट्रेटचा लाल डाग वाळला की निघता निघत नाही. बाटलीवरच्या लॉट नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष, तिथून तीन वर्षं धरा.

टांगानिकाचे मासे असतील तर एक खर्च आणखी करा. त्या तलावाचा पीएच ९ च्या आसपास असतो आणि कार्ड ८.८ ला संपतं. त्यापुढे डिजिटल पीएच मीटर लागतो, ७ आणि १० च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणांनी) कॅलिब्रेट केलेला. त्याचं टोक साठवणीच्या द्रावणात ठेवावं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं तर ते खराब होतं.